पी.टी.च्या तासाला बसून

बाळ रांगायला लागतं ते कशाच्या ओढीनं? पालथं पडलेलं बाळ मान उचलतं आणि त्याला समोर काहीतरी दिसतं. खुळखुळा, आजीच्या पायातली जोडवी, पळणारं मांजर. ते हवं असतं म्हणून हात पुढे जातो, हातामागून पोट सरकतं आणि एक दिवस गुडघे कामाला लागतात. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आम्ही हे सगळं स्नायू, सांधे आणि महिन्यांच्या तक्त्यात शिकलो. त्या तक्त्यात ओढीचा रकाना नव्हता. तो मला पुढे सेल्मा फ्रायबर्ग यांच्या कामात सापडला.

फ्रायबर्ग अमेरिकेतल्या बालमनोविश्लेषक. मिशिगनमधल्या ॲन आर्बरला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा जन्मांध बाळांच्या घरी जाऊन जाऊन त्यांची वाढ टिपली. १९७७ साली ते काम एकत्र प्रसिद्ध झालं. ही बाळं बसायला, उभी राहायला फारशी मागे नव्हती. शरीर तयार होतं. पण हातागुडघ्यांवर येऊन ती तिथेच डुलत राहायची. पुढे जायचं तर कशाकडे? आवाज येतो, पण त्या आवाजाच्या ठिकाणी हातात धरता येईल अशी वस्तू आहे, हे बाळाला मुळात ठाऊक नसतं. ते उमगायला पहिलं वर्ष सरत येतं. फ्रायबर्ग यांची मला सगळ्यात मोलाची वाटलेली नोंद अशी, की आवाजाच्या दिशेनं हात जायला लागल्यावरच या बाळांचं रांगणं सुरू झालं. आधी हात, मग गुडघे.

हे वाचलं त्याच संध्याकाळी मी आईला फोन केला. माझा दादा जन्मापासून पूर्ण अंध आहे. "दादा रांगला होता का गं?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "कुठला रांगतोय! एका जागी डुलत राहायचा. तुझ्या आजीनं त्याला हलवला." आजी त्याचा हात स्वतःच्या बांगड्यांवर ठेवायची, बांगड्या वाजवायची, पुन्हा हात ठेवायची. मग वीतभर मागे सरकून वाजवायची. मग आणखी थोडं मागे. मिरजेच्या आमच्या वाड्यात मानसशास्त्र कुणी वाचलं नव्हतं, पण आवाज आणि वस्तू यांची गाठ बाळाच्या हातानंच मारून द्यायची, ही युक्ती आजीला सुचली होती. ॲन आर्बरची मंडळी तिकडच्या आयांना जवळपास हेच शिकवत होती.

अंध मुलांची हालचाल डोळस मुलांच्या मागे पडते, हे मोजून पाहिलेलं सत्य आहे. धावणं, उडी, फेकणं, झेलणं, तोल, दम या सगळ्यांत फरक दिसतो. चाल रुंद आणि सावध होते, पाय घसटत पडतात, मान खाली जाते. पण हा फरक अंधत्वानं किती पडला आणि अंध मुलाला हलूच न दिल्यानं किती पडला, हा खरा प्रश्न. गेली तीन-चार दशकं या क्षेत्रातले संशोधक त्याभोवतीच फिरत आहेत. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या सुझान हाउवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दृष्टिदोष असलेल्या शाळकरी मुलांची कौशल्यं तपासली. त्यांतली जी मुलं शाळेबाहेर काही खेळ खेळत होती, त्यांची चेंडूवरची हुकमत न खेळणाऱ्यांपेक्षा चांगली निघाली. तुर्कस्तानातल्या संशोधकांनी २००६ मध्ये हलत्या फळीवर उभं करून तोल मोजला. त्यांचे तीन गट होते: गोलबॉल (घंटा असलेल्या चेंडूनं खेळायचा अंधांचा खेळ) खेळणारे अंध, काहीच न खेळणारे अंध आणि डोळस. डोळस सर्वांत पुढे होते, यात नवल नाही. नवल हे, की बाजूंच्या दिशेतल्या तोलात खेळणारे अंध न खेळणाऱ्या अंधांपेक्षा चांगले ठरले.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. एका दिवशी मोजलेल्या आकड्यांवरून खेळल्यामुळे तोल सुधारला, की तोल बरा होता म्हणून ती माणसं खेळाकडे आली, हे ठरवता येत नाही. पण क्लिनिकमध्ये मी जे रोज पाहते त्याच्याशी पहिलीच शक्यता जुळते. तोल तीन ठिकाणांहून येतो: डोळे, कानाच्या आतला भाग, आणि तळवे, घोटे, गुडघे यांतून मेंदूकडे जाणारी जाणीव. पहिलं दार बंद असलं तरी उरलेली दोन उघडी असतात, आणि त्या दोघांना काम दिल्याशिवाय ती तयार होत नाहीत. खुर्चीत बसून घोटा काहीही शिकत नाही.

आणि बसवून ठेवण्यात आपण सगळे फार तत्पर असतो. दादा चौथीपर्यंत गावातल्याच शाळेत होता. अभ्यासात हुशार, पाढे तोंडपाठ, कविता चालीवर म्हणणारा. शाळेला त्याचं कौतुकही होतं. पी.टी.चा तास आला की वर्ग रांगेत मैदानावर जायचा आणि दादाला पायरीवर बसवलं जायचं. सर्वांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या त्याच्या शेजारी. "सांभाळ रे बाबा, पडशील-बिडशील." यात दुष्टावा नव्हता. होती ती काळजी, आणि तीच मला जास्त त्रास देते, कारण दुष्टाव्याशी भांडता येतं. मी दोन यत्ता मागे होते. आमचा तास वेगळ्या दिवशी असायचा, पण खिडकीतून दादा मला दिसायचा. लगोरी फुटल्याचा आवाज आला की त्याचं डोकं त्या दिशेला वळायचं.

ही पायरी जगभर आहे, हे मला संशोधन वाचायला लागल्यावर कळलं. व्हर्जिनियातल्या ओल्ड डोमिनियन विद्यापीठातले जस्टिन हेगली यांनी दृष्टिहीन माणसांना त्यांच्या शाळेतल्या शारीरिक शिक्षणाच्या आठवणी विचारल्या, मोकळेपणानं बोलू दिलं आणि त्या मुलाखतींतून काय निघतं ते मांडलं. बाजूला बसवलं, वेगळंच काहीतरी करायला लावलं, गटात कुणी घेतलं नाही, चिडवलं. प्रौढ झालेली माणसं सांगतात, तरी जखम ओली असते. तिकडचं मैदान वेगळं, खेळ वेगळे, हवा वेगळी, बसवणं तेच.

शिक्षकांची बाजूही विचारली गेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रॉकपोर्टच्या लॉरेन लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना विचारलं, की अंध मुलाला तासात सामील करून घ्यायला अडतं कुठे? ठळकपणे आलेली उत्तरं अशी: आम्हाला हे कुणी शिकवलं नाही, साधनं नाहीत, अभ्यासक्रम तसा नाही, तासात वेळ पुरत नाही. मला ही उत्तरं आशेची वाटतात. यातलं एकही कारण मुलाच्या डोळ्यांत नाही. सगळी कारणं माणसांच्या हातातली आहेत आणि बहुतेक स्वस्तात सुटणारी आहेत. लिबरमन यांनी नुसती कारणं गोळा केली नाहीत. १९९६ पासून त्या दृष्टिहीन मुलांसाठी आठवडाभराचं निवासी क्रीडाशिबिर चालवतात. तिथे प्रत्येक मुलामागे एक प्रशिक्षक असतो. मुलं पोहतात, धावतात, जोडसायकल चालवतात, गोलबॉल खेळतात. त्या शिबिराच्या धर्तीवर अमेरिकेत आणि बाहेरही शिबिरं उभी राहिली.

शिकवायचं कसं, यावरही नीट काम झालं आहे, आणि मला स्वतःला त्यात सगळ्यात जास्त रस आहे. डोळस मूल बघून शिकतं. सर हात वर करतात, साठ मुलं हात वर करतात. अंध मुलाला "हात वर कर" एवढंच ऐकू येतं. किती वर, कोपर कुठे, तळवा कुणीकडे, हे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. मग दोन वाटा उरतात. एक, शिक्षकानं मुलाचे हातपाय धरून ती हालचाल करवून घ्यायची. दुसरी, मुलानं शिक्षकाच्या किंवा मित्राच्या अंगाला हात लावून ती हालचाल हातानं पाहायची. ही दुसरी वाट मला फार आवडते. पहिल्या वाटेत मूल मातीसारखं घडवलं जातं, दुसरीत ते स्वतः तपासतं, विचारतं, समजून घेतं. अर्थात, दोन्हींत आधी सांगायचं, विचारायचं, परवानगी घ्यायची. न सांगता अचानक खांदा धरला तर कुणीही दचकेल. आणि शब्द नेमके हवेत. "असं कर", "इकडे ये", "तिथे टाक" यांत कानाला धरायला काही नाही. "उजवा गुडघा कमरेइतका उचल" यात आहे.

आपल्याकडे हे सगळं ज्या ठिकाणी कसाला लागलं, ते दादरचं शिवाजी पार्क. तिथल्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुला-मुलींना मल्लखांब शिकवला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बातम्यांत हा उल्लेख दोन ओळींत येऊन गेला. मला वाटतं, त्यावर एखादा प्रबंध व्हायला हवा. दोरीच्या मल्लखांबावर दृष्टिहीन मुली चढताना ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांच्या पोटात पहिल्यांदा गोळा आला असेल. पण शरीराच्या नजरेनं पाहा. पुरलेला मल्लखांब जागचा हलत नाही. तुमचा आणि त्याचा स्पर्श क्षणभर सुटला तरी पुढच्या क्षणी पुन्हा जुळतो. अढी मारली, म्हणजे पायांचा विळखा घातला, की मांड्यांना, पोटऱ्यांना, पायाच्या बोटांना कळतं की आपण कुठे आहोत. दोरी अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात धरली की वर-खाली, उलट-सुलट हा सगळा हिशोब त्वचेतून आणि कानाच्या आतल्या पाण्यातून होतो. डोळस मल्लखांबपटूसुद्धा उलटा झाल्यावर डोळ्यांवर किती विसंबतो? बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली ती कुस्तीगिरांसाठी, आणि कुस्ती मुळातच अंगाला अंग लावून खेळायची. मल्लखांबात जे हातानं कळत नाही असं फार थोडं आहे.

कुस्तीवरून ज्युदो आठवतो. तिथेही दृष्टिहीन खेळाडूंच्या लढतीत एक साधासा बदल असतो: एकमेकांची पकड घेऊनच लढत सुरू होते. एवढंच. बाकी खेळ तोच. याच खेळात २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये मध्य प्रदेशच्या कपिल परमार यांनी कांस्य मिळवलं. पॅरालिम्पिकच्या ज्युदोमधलं ते भारताचं पहिलं पदक.

दादाच्या आयुष्यात मैदान आलं ते पाचवीत, निवासी अंधशाळेत गेल्यावर. पहिल्या सुट्टीत घरी आला तो गुडघे फोडूनच. आई हळद लावता लावता रडत होती आणि दादा क्रिकेटच्या गोष्टी सांगत होता. वसतिगृहाच्या लांबलचक व्हरांड्यात रबरी चेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गाठ मारायची, म्हणजे घरंगळताना तो खसखसतो. भिंत जवळ आली की ती कानाला कळते, हेही त्यानं मला तेव्हाच सांगितलं. तो चुटकी वाजवून दाखवायचा. मला काही कळायचं नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात झालेले या गोष्टीचे प्रयोग १९४४ साली प्रसिद्ध झाले होते. अंध माणसांना समोरचा अडथळा जाणवतो तो चेहऱ्याच्या त्वचेनं, असा तोवर समज होता. प्रयोगात कान बंद केले तेव्हा ती जाणीव गेली, आणि चेहरा झाकून कान मोकळे ठेवले तेव्हा राहिली. म्हणजे पावलांचा, चुटकीचा आवाज भिंतीवरून परत येतो आणि तोच वाट दाखवतो. म्हणूनच तीन वर्ग एकाच वेळी ओरडत असलेलं शाळेचं मैदान अंध मुलासाठी दाट धुक्यासारखं असतं. तिथे त्याला ढकलून "खेळ की" म्हणणं आणि पायरीवर बसवणं, दोन्ही सारखंच.

अंधांचं क्रिकेट सुरू झालं ते १९२२ साली मेलबर्नमध्ये, असं सांगतात. कारखान्यातल्या अंध कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे घालून त्याचा चेंडू केला. आज आपल्याकडे कडक प्लॅस्टिकचा पांढरा चेंडू असतो आणि आत लोखंडी छर्रे. गोलंदाजी खालून, हात न फिरवता. गोलंदाज विचारतो, "रेडी?" फलंदाज म्हणतो, "येस." मग "प्ले" म्हणत चेंडू सुटतो आणि पिचच्या मध्याआधीच टप्पा पडतो, म्हणजे तो जमिनीलगत खुळखुळत येतो. म्हणून इथला हुकमी फटका स्वीप. दादा आजही कुठल्याही गप्पांत गुडघा टेकून स्वीप दाखवू शकतो.

पण मला खेळापेक्षा त्याच्या नियमांबद्दल सांगायचं आहे. अकरा जणांत किमान चार पूर्ण अंध असावेच लागतात. त्यांना बी-वन म्हणतात. उरलेले बी-टू आणि बी-थ्री, म्हणजे कमी-अधिक अल्पदृष्टी असलेले. बी-वन फलंदाजाची प्रत्येक धाव दुप्पट धरली जाते. बी-वन क्षेत्ररक्षकानं एक टप्पा पडलेला झेल घेतला तरी फलंदाज बाद. हे नियम कुणी दयेपोटी केलेले नाहीत. ज्यांनी केले त्यांनी खेळ कुठे अडतो ते बारकाईनं पाहिलं आणि नेमकी तेवढीच जागा भरली. परिणाम काय होतो ते बघा: प्रत्येक कर्णधाराला चांगले बी-वन खेळाडू हवे असतात. त्यांच्यावाचून सामना जिंकताच येत नाही. दादाला त्या वसतिगृहात आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की आपली कुणाला तरी संघात गरज आहे. गावच्या शाळेत पाढे आणि कविता यांचं कौतुक मिळालं, पण गरज कुणालाच नव्हती.

अंधांचा पहिला विश्वचषक १९९८ साली दिल्लीत झाला आणि दक्षिण आफ्रिकेनं पाकिस्तानला हरवून तो जिंकला. पुढे आपल्या पुरुष संघानं २०१२, २०१७ आणि २०२२ असे पहिले तिन्ही टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकले. मुलींना या खेळात फार उशिरा जागा मिळाली, आणि मिळाल्यावर त्यांनी वेळ घालवला नाही. २०२३ मध्ये बर्मिंगहॅमच्या जागतिक क्रीडास्पर्धेत त्यांनी ऑस्ट्रेलियाला हरवून सुवर्ण घेतलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलंबोत नेपाळला हरवून महिलांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक. त्या संघाची उपकर्णधार गंगा कदम महाराष्ट्राची. तो सामना दादानं आणि मी एकत्र ऐकला. मी पाहिलाही असता, पण त्याच्या शेजारी बसून मला ऐकायचाच होता.

गोलबॉलबद्दल थोडक्यातच सांगते, कारण तो आपल्याकडे अजून मोजक्या ठिकाणी खेळला जातो. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये तो तयार झाला. अठरा मीटर लांब, नऊ मीटर रुंद मैदान, दोन्ही टोकांना पूर्ण रुंदीचे गोल, प्रत्येक संघात तिघं, आणि आत घंटा असलेला सव्वा किलोचा चेंडू. रेघांच्या खाली सुतळी असते, ती हातापायाला लागते. सगळे खेळाडू डोळ्यांवर पट्टी बांधतात, म्हणजे थोडं दिसणाऱ्यालाही फायदा नाही. चेंडू खेळात असताना प्रेक्षकांनी एक शब्द काढायचा नाही. शाळेच्या कुठल्याही हॉलमध्ये हा खेळ बसवता येईल, आणि पट्टी बांधून डोळस मुलंही त्यात उतरू शकतील.

मात्र पट्टी बांधण्याबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. शाळा-कॉलेजांत अंध दिनाच्या निमित्तानं "अंधत्वाचा अनुभव" नावाचा कार्यक्रम होतो. डोळे बांधायचे, दहा मिनिटं चाचपडायचं, पाण्याचा ग्लास सांडायचा, मग पट्टी काढून भारावून बोलायचं. एरियल सिल्व्हरमन या अंध संशोधक आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कार्यक्रमांचा परिणाम तपासला. डोळे बांधून चाचपडलेल्या लोकांना नंतर अंध माणसं कमी सक्षम वाटू लागली, नोकरीला आणि स्वतंत्र राहायला कमी लायक वाटली. कारण उघड आहे. पट्टी बांधलेल्याला आंधळेपणाचा पहिला मिनिट कळतो, विसाव्या वर्षाचं कौशल्य कळत नाही. त्या कार्यक्रमातून बाहेर पडलेला शिक्षक दुसऱ्या दिवशी अंध मुलाला अधिकच प्रेमानं पायरीवर बसवेल. म्हणून माझं म्हणणं आहे, की पट्टी बांधायचीच असेल तर गोलबॉलच्या मैदानात बांधा, समोर सराव असलेले अंध खेळाडू उभे करा आणि हरा. मग काय वाटतं ते बोला.

दादा आता बँकेत आहे, पुण्यात. रविवारी सकाळी आम्ही एकत्र धावतो. दोघांच्या हातात एकाच आखूड दोरीची टोकं असतात. स्पर्धेत ही दोरी तीस सेंटीमीटरच्या आत असावी लागते. गाइडनं, म्हणजे सोबत धावणाऱ्या डोळस माणसानं, खेळाडूला ओढायचं नाही, आणि अंतिम रेषा खेळाडूच्या आधी ओलांडायची नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की गाइड नेतो. खरं तर गाइडनं स्वतःची लय सोडून दुसऱ्याची घ्यायची असते. दादाचं पाऊल माझ्यापेक्षा लांब पडतं, मला ते पकडायला बरेच महिने लागले. बोलायचं ते कमीत कमी आणि वेळेवर: "डावं वळण, तीन, दोन, एक." खड्डा गेल्यावर "खड्डा होता" म्हणून उपयोग नाही.

पॅरिस पॅरालिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये स्पेनच्या एलेना काँगोस्त तिसऱ्या येत होत्या. रेषेला काही पावलं उरली असताना त्यांच्या गाइडच्या पायात गोळा आला आणि तो कोसळू लागला. त्यांनी दोरी सोडून त्याला हात दिला. दोरी सुटली म्हणून त्या दिवशी त्या बाद ठरल्या, कांस्य जपानच्या धावपटूला गेलं. दादाचं आणि माझं यावर चांगलंच वाजलं. मी म्हटलं, माणुसकीला शिक्षा झाली. दादा म्हणाला, "नियम दोरीचा आहे. आज सहानुभूतीनं पदक दिलं असतं, तर उद्या आमच्या प्रत्येक पदकाकडे तसंच पाहिलं असतं." मला ते अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण हे बोलायचा अधिकार त्याचा माझ्यापेक्षा मोठा आहे.

आता मला खुपणारी गोष्ट. दादाला मैदान मिळालं ते विशेष शाळेत. आज त्याच्यासारखी अधिकाधिक मुलं सर्वसाधारण शाळेत, घराजवळ, भावंडांबरोबर शिकतात, आणि ते योग्यच आहे. घरापासून दूर वसतिगृहात राहण्याची किंमत दादानं मोजली आहे, आईनंही. या मुलांना ब्रेल मिळतं, बोलणारा संगणक मिळतो, लेखनिक मिळतो, परीक्षेत जादा वेळ मिळतो. पण मैदानाच्या वेळी काय? विशेष शाळेत साठ अंध मुलं एकत्र असायची, म्हणून क्रिकेटचा संघ व्हायचा. इथे सातशे मुलांत एकच अंध असतो. समावेशक शिक्षणाची चर्चा वर्गाच्या दारापर्यंत येते आणि पी.टी.च्या तासाला थांबते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं सोळावं कलम म्हणतं की शाळेनं शिक्षण आणि खेळ, करमणूक यांची संधी इतरांच्या बरोबरीनं द्यायची. तिसावं कलम तर खास खेळांवर आहे. २०११ च्या जनगणनेत पाहण्यातलं अपंगत्व असलेली सुमारे ५० लाख माणसं देशात नोंदली गेली होती. त्यांतल्या शाळकरी मुलांचे पालक शाळेत जाऊन गणिताबद्दल विचारतात, विज्ञानाच्या आकृत्यांबद्दल विचारतात. पी.टी.बद्दल विचारणारे पालक मला क्वचित भेटले. उलट "त्याला तेवढी सूट द्या हो" अशी चिठ्ठी मागायला माझ्याकडे येतात. ती चिठ्ठी मी देत नाही. मुलाच्या डोळ्याला धक्का किंवा आदळआपट चालणार नसेल, पडदा सुटण्याचा धोका असेल, तर नेत्रतज्ज्ञांना विचारून काय टाळायचं तेवढं लिहून देते, आणि त्याच कागदावर काय करायचं याची त्याहून लांब यादी लिहिते.

कांचनमाला पांडे अमरावतीच्या. मेक्सिकोत २०१७ साली जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत त्यांनी दोनशे मीटर मेडलीत सुवर्ण मिळवलं. पूर्ण अंध गटाच्या पोहण्यात भिंत जवळ आली की काठावरचा माणूस लांब काठीनं खेळाडूला हलकेच टोकतो, म्हणजे वळायची वेळ कळते. एक काठी, टोकाला मऊ गोळा. एवढ्याशा साधनावर जगज्जेतेपद उभं राहतं. साधनं नाहीत म्हणणाऱ्या शाळांना मी हे मुद्दाम सांगते.

खेलो इंडियाच्या फिटनेस चाचण्या आता शाळांतून घेतल्या जातात, आणि अंध मुलाच्या नावापुढे रकाना रिकामा सोडलेला मी पाहिला आहे. तो भरता येतो. चौथीपासून पुढे सहा चाचण्या आहेत. उंची-वजन, बसून पुढे वाकणं, पोटाचे कर्ल-अप आणि पुश-अप या चारांना डोळे लागतच नाहीत. फक्त स्थिती आधी हातानं दाखवायची आणि शब्दांत सांगायची. लहान वर्गांत एका पायावर तोल सांभाळण्याची चाचणी असते. ती जरूर घ्या, पण गुण डोळस मुलांच्या तक्त्याशी लावू नका, त्याच मुलाच्या मागच्या सत्रातल्या गुणांशी लावा. सहाशे मीटरला वर्गातला त्याच्याच वेगाचा मित्र आणि हातभर दोरी पुरे. राहिली पन्नास मीटरची धाव. त्यासाठी दोन खांबांमध्ये मुलाच्या कमरेच्या उंचीवर जाड दोरी घट्ट ताणा. तिच्यात एक लोखंडी कडी ओवा आणि कडीला धरायला फडकं बांधा, म्हणजे दोरीनं हात सोलवटणार नाही. शेवटचा खांब पन्नास मीटरच्या चांगला पुढे असू द्या. रेषा ओलांडल्यावर पाच-सात पावलांवर दोरीला मोठी गाठ मारा. पहिल्यांदा त्याच्याबरोबर दोरी धरून सावकाश चालत जा, गाठ त्याच्या हातानं चाचपून घेऊ द्या, परत सुरुवातीला आणा. मग शिट्टी वाजवा, आणि वेळ वहीत लिहा.